गाठींची दोरी

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण सकाळ कळायची ती मागच्या पडवीतल्या आवाजावरून. थप, थप, थप, मग जरा थांबून पाणी शिंपडल्याचा आवाज, मग पुन्हा थप, थप. आई भाकऱ्या थापत असे. तांदळाच्या पिठाची उकड काढून, ती गरम असतानाच मळून केलेली भाकरी, इतकी पातळ की उचलताना हात दिसावा. तव्यावर तिची कड आधी वाळायची, आणि निखाऱ्याला उभी केली की टम्म फुगायची. त्या वासानं मी उठायची. आमचं गाव पनवेलच्या बाहेर, पळस्प्याच्या रस्त्याला. आज ते गाव पनवेलच्या पोटात गेलंय आणि आमच्या पडवीच्या जागी एक टायरवाला बसतो. तेव्हा घरात आम्ही तीन माणसं होतो: आई, मी आणि आजा, म्हणजे बाबांचे वडील. आणि तीन माणसांच्या त्या घरात रोज सत्तर भाकऱ्या होत असत.

त्याचं असं झालं होतं. पळस्प्याच्या नाक्यावर, जिथे गोव्याचा रस्ता फुटतो, तिथे ट्रकवाल्यांचं एक हॉटेल होतं. त्याचा मालक एकदा आजाबरोबर आमच्याकडे जेवायला बसला आणि आईची भाकरी खाऊन उठताना म्हणाला, "माझ्या गिऱ्हाइकांना अशी मिळाली तर ते पुण्यापासून भूक धरून येतील." आईनं ते मनावर घेतलं. पहाटे चूल पेटायची, शाळेची घंटा व्हायच्या आत टोपली भरायची, आणि आजा ती सायकलच्या कॅरिअरला बांधून नाक्यावर पोचवून यायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त एका माणसाला ठाऊक नव्हतं, आणि ते म्हणजे माझे बाबा.

बाबा आखातात वेल्डर होते. जाण्याआधी त्यांनी आईला एकच गोष्ट बजावली होती: "तुना कोनाच्या कामाला जायचं नाय. मी जातंय ते त्याच्यासाठीच." त्यांच्या आईचा जन्म मिठागरात गेला होता. तिच्या पायांच्या भेगा त्यांनी लहानपणी रोज बघितल्या होत्या, रात्री खोबरेल लावून दिलं होतं. बायकोनं कुणासाठी राबायचं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तेच पाय येत असणार. आईला हे समजत होतं. पण नवरा दोन-दोन वर्षं दिसत नाही, शेत थोडं, आणि अंगात काम करायची रग. ती काय नुसती बसणार होती? "माज्या चुलीवर, माज्या घरात करतंय. कामाला कुटं गेलंय?" असं ती आजाला म्हणायची. आजा तिच्या बाजूचा. पत्रं मी लिहायची, कारण आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्या पत्रांत भाकऱ्या कधी येत नसत.

मी नववीत असताना बाबांनी गावातल्या एका येणाऱ्या माणसाबरोबर कॅमेरा पाठवला. काळा, जड, चामड्याच्या डब्यात बसवलेला. बरोबर एक रोल आणि चार पानी पत्र. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. आयुष्यभर मी पनवेलच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ चालवला, फोटो शिकवले, पण त्या चार पानांपलीकडचं फार थोडं मला कुणी शिकवलं. बाबांना ते त्यांच्या खोलीतल्या एका मलबारी सोबत्यानं शिकवलं होतं, आणि बाबांनी ते वेल्डरच्या भाषेत मला लिहिलं. ऊन तुझ्या पाठीशी घे, पण थेट तोंडावर मारू नको, माणसं डोळे मिचकावतात. बटण दाबताना श्वास धर, कोपरं बरगड्यांना टेकव. मागे काय आहे ते आधी बघ, माणूस नंतर. पुढच्या कड्यावर आकडे आहेत, माणूस जितका लांब तितका आकडा लाव. आणि शेवटी, रेघ मारून: "नटून उभं राहू नका. स्टुडिओतले फोटो नकोत. रोज जसं चालतं तसं काढ. मला घर बघायचं आहे." रोल भरला की तसाच परत पाठवायचा, तिकडे रंगीत धुऊन मिळतो आणि त्यांना आधी बघायचा होता.

हे मला येणार याबद्दल मला पहिल्या दिवसापासून शंका नव्हती. कशाच्या जोरावर ते विचारू नका, मी तशीच होते. वर्गात मुलं भूमितीला घाबरायची, मी नाही. अडचण एकच होती, ती लांबी मोजायची. माणूस किती लांब आहे हे डोळ्यांनी सांगता येत नाही, प्रत्येक वेळी चुकतं. ती आजानं सोडवली. तो उभं आयुष्य मिठागरात वाफे आखत आला होता, आणि वाफे आखायचे ते दोरीनं. त्यानं जाळं विणायच्या सुताची दोरी घेतली, माझी लाकडी फूटपट्टी मागितली, आणि दर फुटाला एक अशा बारा गाठी मारून दिल्या. एक टोक माणसाच्या नाकाला, दुसरं कॅमेऱ्याला. जितक्या गाठी, तितका आकडा. मला वाटलं, जगात माझ्याइतकी तयारी कुणाची नसेल.

छत्तीस फोटोंचा तो रोल मी महिनाभर पुरवला. आजा विडी ओढताना, आजा सायकलची चेन बसवताना, मांजर, विहिरीवरच्या बायका. रोजचं काढ म्हणजे काय हे मात्र गावाला समजावताना माझी दमछाक झाली. कॅमेरा दिसला की माणसं ताठ. विहिरीवरची शेजारीण कळशी खाली ठेवून, पदर सारखा करून, हात मांडीला चिकटवून उभी राहायची, झेंड्याला वंदन चाललंय तशी. "कळशी उचल ना काकी," म्हटलं तर म्हणायची, "फोटूत पानी भरताना? दिसल कसं?" मग मी युक्ती काढली. आधी दोरी लावून आकडा लावून ठेवायचा, मग दुसऱ्याच गोष्टीवर बोलत राहायचं, आणि माणूस विसरला की दाबायचं. आजही शिकायला येणाऱ्यांना मी हेच सांगते.

आईचा फोटो सगळ्यांत शेवटी, कारण ती हातीच लागत नव्हती. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी, सकाळचा उजेड छान यायचा. मी दोरीचं टोक तिच्या नाकाला लावलं तेव्हा तिच्या हातात अर्धी थापलेली भाकरी होती.

"बैलासारकी वेसन घातलंस का ग मना? थांब, साडी बदलून येते."

"नको, अशीच बस. बाबांनी सांगितलंय."

"त्याला काय जातंय सांगाला? पीठ बग तोंडाला. आनि ती टोपली झाक, टोपली फोटूत नको हां."

टोपली झाकली होती. पण गरम भाकरी झाकून ठेवली की तिला घाम सुटतो आणि ती लिबलिबीत होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. त्यामुळे मी दोरी गुंडाळत होते तेवढ्यात आईनंच, सवयीच्या हातानं, मागे भिंतीशी जाऊन फडकं काढलं आणि ती पुन्हा चुलीपुढे येऊन बसली. तिलाही कळलं नाही, मलाही नाही. तीन गाठी, आकडा तीन, श्वास धरला, कोपरं टेकवली. "आजाला सांग, आज लवकर निगायचं हाय," असं काहीतरी ती बोलत होती आणि गालात हसत होती. मी दाबलं. तिचा चेहरा सोडून मी कशाकडे बघितलंच नाही.

अडीच महिन्यांनी फोटो परत आले, बाबांच्या पत्रासह आणि दोन नव्या रोलसह. मी पडवीत बसून पाकीट फोडलं आणि माझं तोंड उतरलं. एकूण एक जवळचा चेहरा धुकट. आजा म्हणजे एक करडा ढग, विडी म्हणजे ढगातला लाल ठिपका. पण त्याच्या मागे दहा फुटांवरची भिंत? तिच्यावरची खिळ्याला लटकवलेली पिशवी, पिशवीवरची शिवण, सगळं लख्ख. पत्रात पहिल्याच ओळीत उत्तर होतं: "कड्यावरचे आकडे फुटाचे नाहीत, मीटरचे आहेत. एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट." आमच्या गावात तेव्हा घर फुटात, जमीन गुंठ्यात आणि कापड वारात मोजत. मीटर फक्त शाळेच्या पुस्तकात राहायचा. मी तीन फुटांवरच्या माणसाला तीन मीटरवर लावून आले होते, आणि कॅमेऱ्यानं इमानदारीनं तीन मीटरवरचं दाखवलं होतं.

आईच्या फोटोतही तेच. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. तिच्या मागे टोपली होती, आणि टोपलीत तीन चवडी भाकऱ्या, एकेक कड मोजून घ्यावी इतक्या स्पष्ट.

आई पीठ मळत होती. "वाच," ती म्हणाली. पुढचा परिच्छेद मी मनात आधी वाचला आणि गाळावा का असा विचार केला, हे कबूल करते. आजानं माझ्याकडे बघितलं. मी मोठ्यानं वाचलं: "भाकरी मोजल्या. वरून बावन्न दिसतात, खालच्या टोपलीच्या काठाआड आहेत. घरात तीन माणसं. कुणासाठी?"

आईचे हात परातीत थांबले. "मोजल्या त्यानं?" ती म्हणाली. उकड गार व्हायला लागली, आणि गार उकड मळता येत नाही, तरी ती तशीच. "आता बंद कराला सांगल," ती शेवटी म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं तेव्हा पीठ गालाला लागलं. मला रडू आलं. माझ्या शहाणपणानं तिचं काम जाणार होतं. तिला त्या सत्तर भाकऱ्यांचं किती होतं हे मला माहीत होतं: ट्रकवाले नावानं विचारतात, "पडवीवालीची भाकरी आली का?" हे आजानं येऊन सांगितलं की ती दिवसभर खुशीत असायची. तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं.

"मी लिहू का, की लग्नघरच्या होत्या?" मी विचारलं.

"खोटं लिवू नको." ती उठली, हात धुतले, पुन्हा येऊन बसली. "खोटं नाय नि खरं पन नाय. काय लिवूच नको. नवा रोल हाय ना? माजा फोटू काड. या टायमाला नीट. तोंड दिसूं दे नि भाकऱ्या पन दिसूं दे. बगूं दे त्याला काय बगायचं ते."

माझ्या हातून पुढे हजारो फोटो निघाले. लग्नं, बारशी, शाळांचे गट, निवडणुकीचे उमेदवार. पण त्या सकाळसारखं मन लावून मी क्वचितच उभी राहिले असेन. आजानं दोरीच्या जुन्या गाठी सोडून मीटरच्या नव्या मारल्या होत्या. दोन गाठी, आकडा दोन. उजेड डावीकडून. मागची भिंत आधी बघितली, मग टोपली चुलीजवळ ओढून आईच्या बरोबरीनं ठेवली, म्हणजे दोघींना एकच आकडा लागेल. आई साडी बदलायचं म्हणाली नाही. तिनं भाकरी थापली, हातावर घेतली आणि थेट माझ्याकडे, म्हणजे बाबांकडे, बघितलं. हसली नाही. मी श्वास धरला.

माझ्या चुलतभावाची मुलगी हल्ली उलव्याला राहते, चहूकडे क्रेन आणि धूळ, आणि तिच्या फोनमध्ये एक सोय आहे, माणूस स्पष्ट ठेवून मागचं सगळं धूसर करणारी. "आत्या, बघ कसा भारी येतो," म्हणून ती दाखवते. मी तिला म्हणते, ते बंद कर बाई. मागेच तर सगळं असतं. ती हसते, म्हातारीची खोड म्हणून सोडून देते.

तो रोल गेला, आणि मग वाट बघणं सुरू झालं. आई भाकऱ्या करत होती, पण थापण्याचा ठेका बदलला होता, मध्येच थांबायची. पोस्टमनची सायकल वळली की तिचा तवा जळायचा. दोनदा भाकऱ्या करपून परत आल्या, असं कधी झालं नव्हतं. आजा म्हणाला, "तू चुलीकडं बग, रस्त्याकडं नको." अखेर पत्र आलं. पाकिटावर आईचं नाव नव्हतं, माझं होतं. आत अर्धं पान.

"सुमन, फोटो चांगला आहे. आता एक काम नीट कर. चूल आणि शेजारचा वैल, दोन्ही एकत्र, बरोबर वरून काढ. तिरका नको, तिरका आला की माप चुकतं. दोरी फुटाच्या गाठींचीच हवी, ती चुलीच्या काठावर सरळ ताणून ठेव. गाठी दिसल्या पाहिजेत."

"फुडं?" आई म्हणाली.

"एवढंच आहे."

"माज्यासाठी एक अक्षर नाय?"

मी पान उलटून दाखवलं. मागे कोरं होतं. आई आत गेली. मला बाबांचा राग आला. चुलीचा फोटो कसला मागता? पण काम नीट करायचं तर नीटच. आजानं पुन्हा फुटाच्या गाठी मारल्या, कुरकुरत. विझलेल्या चुलीच्या आणि तिला जोडून असलेल्या दुसऱ्या तोंडाच्या, म्हणजे वैलाच्या, काठावर दोरी ताणली, दोन टोकांना दोन खडे. मी भाताच्या मोठ्या पिंपावर चढले, आजानं माझे पाय धरले, आणि मी पुढे वाकून कॅमेरा अगदी सरळ खाली धरला. "पडशील नि चूल मोडशील," आजा म्हणाला. आई दारात उभी राहून बघत होती. "घराचा फोटू मागीतला व्हता," ती म्हणाली, "आता चूल पन मोजताय."

बाबा सहा महिन्यांनी रजेवर आले. आखातातून माणूस आला की गावाला काय बघायचं असतं ते ठरलेलं: टेपरेकॉर्डर, अत्तर, चकचकीत कापड. बाबांच्या बॅगेतून आजाला एक शर्टपीस निघाला, मला दोन रोल, आईला साबणाच्या वड्या, आणि बस. जमलेले शेजारी जरा हिरमुसले. मग बाबांनी घोंगडीत गुंडाळलेलं एक जड, सपाट काहीतरी ओढून काढलं. विमानतळावर ते उघडून दाखवायला लावलं होतं, आणि हे काय म्हणून तीन जणांनी विचारलं होतं.

घोंगडी सुटली. लोखंडाचा जाड पत्रा, चारी कोपरे गोल केलेले, कडा घासून गुळगुळीत, दोन्ही बाजूंना वेल्ड केलेली कडी. बाबा तो दोन्ही हातांनी उचलून पडवीत गेले आणि वाकून चुलीवर ठेवला. तो चूल आणि वैल दोन्ही झाकून, काठांवर बरोबर बसला, जराही हलला नाही. तो माझा फोटो होता. पिंपावर चढून काढलेला, एकेक गाठ मोजून, हजारो मैलांवर कापलेला.

"तीन मावतील एका टायमाला," बाबा म्हणाले. ते आईकडे बघत नव्हते, तव्याच्या कडेवरून बोट फिरवत होते. "तुजी आदी एकेक व्हायची. फोटूत दिसलं मना."

आई खांबाला टेकून उभी होती. "मना वाटलं तू रागावलास."

"रागावलो व्हतो." बाबांनी बोट पुसलं. "आठ दिस. पयल्या फोटूत तुजं तोंडच दिसत नव्हतं, नुसत्या भाकऱ्या. मंग दुसरा आला. रोज बगायचो. लिवायला बसलो तर काय येयना." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "सकाल किती जातात?"

"सत्तर."

इतक्या दिवसांत तो आकडा ती त्यांना पहिल्यांदा सांगत होती. बाबांनी मान डोलावली. आई पुढे आली, खाली बसली, नव्या तव्यावर तळहात टेकवून बघितला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग तिनं आजाकडे मान वळवली.

"उद्या हाटेलवाल्याला सांगा," ती म्हणाली, "आतापासून सव्वाशे."

आणि तिनं पिठाचा डबा जवळ ओढला.